जमेइतकीच खर्चाची बाजू

सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली आलं. पुढे डेल कार्नेगी (१९३६), नेपोलियन हिल (१९३७), स्टीफन कोव्ही (१९८९) आणि अलीकडे ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’वाले जेम्स क्लिअर (२०१८). पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात, तर ही परंपरा मराठी अनुवादांत रचून ठेवलेली दिसते. एवढ्यातून पुढचं पुस्तक कोणतं घ्यावं?

माझं मत आधीच सांगतो. यशाची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकाआधी धंदा उभा करणाऱ्या माणसाचं चरित्र वाचावं. सूत्रं बहुतेकदा यश दिसल्यावर मागे वळून शोधलेली असतात. पीटर्स आणि वॉटरमन यांचं ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ १९८२चं. त्यातल्या कित्येक नावाजलेल्या कंपन्या अडचणीत आल्याची मुखपृष्ठकथा ‘बिझनेस वीक’ने १९८४मध्येच छापली. जिम कॉलिन्सच्या ‘गुड टू ग्रेट’मध्ये (२००१) निवडक ११ कंपन्या होत्या. त्यातल्या सर्किट सिटीचं २००८मध्ये दिवाळं वाजलं आणि फॅनी मे त्याच वर्षी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. कॉलिन्स यांनी मेहनत मनापासून केली आहे, पुस्तक जरूर वाचा. फक्त त्याच वाटेने जाऊन बुडालेल्यांची आठवण ठेवून वाचा.

चरित्रात ही बुडण्याची भीती पानोपानी भेटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचा धंदा करत होते. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावातली जागाही सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी जमीन दिली आणि १९१०मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. माल चोख असूनही गिऱ्हाईक पाठ फिरवतं, तेव्हा माणूस कशाच्या बळावर टिकतो, हे इथे कळतं. पुढच्या पिढीची हकीकत शंतनुरावांच्या ‘कॅक्टस अँड रोझेस’मध्ये आहे. विठ्ठल कामतांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ कर्जाबद्दल मोकळेपणाने बोलतं, म्हणून हॉटेलात पाऊल न ठेवलेल्यालाही ते उपयोगी पडतं. गिरीश कुबेरांचं ‘टाटायन’ सावकाश वाचावं.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांतही माझा हाच निकष आहे. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) कुठलंही दुकान त्या फळीवर ठेवत नाही. मी ते तिथे सर्वांत पुढे ठेवीन. वडिलांनी स्वतः लिहून काढलेल्या आठवणींवर ते उभं आहे, आणि स्वाभिमान घरात कसा रुजतो हे त्यात डोळ्यांसमोर घडतं. मनाची घालमेल हाच सध्याचा प्रश्न असेल, तर अंजली जोशींचं ‘मी अल्बर्ट एलिस’ घ्या. सवयी मोडायच्या-जोडायच्या असतील, तर क्लिअर पुरे. ‘रिच डॅड पुअर डॅड’मधली (१९९७) मालमत्ता आणि देणं यांची फोड समजून घ्या, पण त्यातले कर आणि घरखरेदीचे सल्ले अमेरिकेचे आहेत, ते इथे लावू नका.

दुकानात पुस्तक हातात घेतलं की मधलं एखादं प्रकरण उघडावं. तिथे रक्कम, साल, चुकलेला निर्णय, त्याची मोजलेली किंमत सापडली, तर बिनधास्त विकत घ्यावं.

बंद पडलेल्या कारखान्याची कहाणी त्याच्या मालकानेच लिहिली आहे, असं पुस्तक मात्र मराठीत शोधूनही सहज हाती लागत नाही. प्रकाशकांनी अशा माणसांकडे जावं, त्यांना लिहितं करावं. असं पुस्तक आलं, तर माझ्या यादीत पुढचं तेच असेल.