रेवस–रेडी सागरी महामार्ग : कोकण किनाऱ्याला जोडणारा खंडित रस्ता

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यालगत रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही किनाऱ्यावरील प्रमुख ठिकाणे या मार्गाने जोडण्याची कल्पना आहे. प्रत्यक्षात मात्र हा रस्ता खाड्यांमुळे जागोजागी खंडित झाला आहे.

सह्याद्रीतून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद होतात. त्यामुळे समोरच्या तीरावरील गाव डोळ्यांना दिसत असले, तरी तेथे रस्त्याने जाण्यासाठी मोठा वळसा घालावा लागतो. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग या नद्या किनाऱ्यापासून आत, जेथे पात्र अरुंद आहे तेथे ओलांडतो. १९९८ साली पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वेही बहुतांशी अंतर्भागातूनच जाते. परिणामी किनाऱ्यावरील गावे या दोन्ही मुख्य मार्गांपासून दूर राहिली.

पूर्वी या गावांचा मुंबईशी संबंध प्रामुख्याने जलमार्गाने होता. तो प्रवास जोखमीचा होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावरील लोकांना पर्यायी मार्गाची उणीव तीव्रतेने जाणवत असे.

किनाऱ्यालगतच्या सलग रस्त्याच्या कल्पनेला राजकीय पाठबळ मिळाले ते बॅ. अ. र. अंतुले यांच्यामुळे. १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेले अंतुले स्वतः रायगड जिल्ह्यातील आंबेतचे होते. पुढे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर आदी ठिकाणी पूल झाले आणि मार्गाचे अनेक तुकडे जुळले.

मोठ्या खाड्यांचा प्रश्न मात्र कायम राहिला. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. तेथे २००३ साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि चिपळूणवरून पडणारा वळसा टळला. आगरदांडा–दिघी, बागमांडले–वेसवी व तवसाळ–जयगड येथेही अशा फेऱ्या सुरू झाल्या. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट खाडीच्या पुलाचे काम सुरू होऊनही दीर्घकाळ रखडले.

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आता उर्वरित पूल व रुंदीकरणाचा प्रकल्प हाती घेतला आहे. किनारी गावांतून रस्त्याच्या दुतर्फा घरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या राखून रुंदीकरण करणे हे मोठे आव्हान आहे. मासळी, आंबा आणि पर्यटनावर अवलंबून असलेल्या या पट्ट्यासाठी डांबरी रस्त्यापेक्षाही खाड्यांवरील पूल अधिक निर्णायक ठरणार आहेत. ते पूर्ण होईपर्यंत या महामार्गावरील प्रवाशाला फेरीबोटीच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवूनच निघावे लागेल.