डोक्याला मार लागला की मेमरीचं काय होतं?

फोन पडून फुटला तरी फोटो आणि कॉन्टॅक्ट्स क्लाउडवरून परत मिळतात. मेंदूचा मात्र कुठेच बॅकअप नसतो. बाईकवरून पडल्यावर डोक्याच्या आत नेमकं काय बिघडतं, ते बघूया.

आत काय होतं?
डोकं रस्त्यावर आदळून अचानक थांबतं, पण आतला मऊ मेंदू पुढे जात राहतो आणि कवटीला आपटतो. पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते इतके बारीक असतात की सीटी स्कॅन नॉर्मल येऊनही त्रास राहू शकतो.

मेमरी म्हणजे एकच फोल्डर नाही
नवीन आठवणी 'सेव्ह' करायला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या फिट्स थांबवण्यासाठी त्याचा मोठा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. लहानपणचं त्यांना आठवायचं, पण आत्ताच भेटलेला माणूस ते विसरायचे. तरीही आरशात बघून तारा गिरवण्याचा सराव दिल्यावर त्यांचा हात सुधारत गेला. आधी सराव केलाय हेच त्यांना आठवत नव्हतं! म्हणजे हाताचं कौशल्य मेंदू दुसरीकडे साठवतो.

स्वभाव का बदलतो?
कपाळामागचा भाग ब्रेकचं काम करतो. तिथे इजा झाली की चिडचिड वाढते, निर्णय घाईत होतात, काम सुरूच करवत नाही, दोन गोष्टी एकदम जमत नाहीत. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम करतोय. तसं नसतं, ती दुखापतच असते. अशा मित्राशी भांडू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. औषधं आणि भेटींसाठी त्याच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून द्या.

टेक्नॉलॉजी कुठे कामी येते?
नागपुरात 2021 मध्ये 'आय-रास्ते' प्रोजेक्ट सुरू झाला. त्यात इंटेल, आयआयआयटी हैदराबाद, सीआरआरआय आणि आपली मनपा सहभागी होते. त्यात मनपाच्या बसमधले कॅमेरे टक्कर व्हायच्या आधी ड्रायव्हरला अलर्ट द्यायचे. जिथे असे अलर्ट वारंवार यायचे, त्या धोक्याच्या जागाही डेटातून कळायच्या.

पण आपल्या बाईकवर हा कॅमेरा नाही, तिथे हेल्मेटच. त्यातला फोम दबतो, त्यामुळे डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि झटका कमी होतो. पट्टा लावला नसेल तर हेल्मेट आधीच उडून जातं. सिग्नलवरच्या पोलिसांसाठी हँडलला लटकवलेलं हेल्मेट काहीच वाचवत नाही.

हे आत्ताच करा
फोनच्या इमर्जन्सी सेटिंगमध्ये रक्तगट आणि घरचा नंबर टाका, लॉक स्क्रीनवरूनही तो दिसतो. डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, फिट किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच 108 लावा.