आगमनकाळ : जागे राहून वाट पाहण्याचे चार आठवडे

डिसेंबर उजाडला की रायपूरच्या बाजारात कागदी तारे, रंगीत दिव्यांच्या माळा आणि केकचे फलक दिसू लागतात. नाताळ सुरू झाला, असे आपण म्हणतो. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे मात्र तेव्हा नाताळ सुरू झालेला नसतो. 24 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत चालू असतो तो आगमनकाळ. इंग्रजीत त्याला ॲडव्हेंट म्हणतात आणि हिंदी भाषक मंडळ्या आगमन काल म्हणतात. आपल्या शाळेतील अनेक कॅडेट्सच्या घरी हा काळ पाळला जातो. इतरांनाही त्याची ओळख असावी, म्हणून हा लेख.

ॲडव्हेंट हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'येणे'. रोमन काळात सम्राट एखाद्या नगरात समारंभाने प्रवेश करी, त्या आगमनासाठीही हाच शब्द वापरत. सम्राट येणार म्हटल्यावर नगर आधीपासून तयारीला लागे. ख्रिस्ती लोकांनी हा शब्द येशूच्या येण्यासाठी घेतला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी या येण्याचे तीन अर्थ सांगितले : बेथलेहेमात झालेला जन्म, माणसाच्या अंतःकरणात होणारे आगमन आणि काळाच्या शेवटी होणारे पुनरागमन. म्हणजे आगमनकाळ हा केवळ एका वाढदिवसाची तयारी नाही. जे घडून गेले त्याची आठवण आणि जे घडायचे आहे त्याची वाट, दोन्ही त्यात आहेत.

तारीख कशी काढतात?

नाताळापूर्वीचे चार रविवार मोजायचे. त्यांतील पहिल्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. हा रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो. 2026 साली 25 डिसेंबरला शुक्रवार आहे, म्हणून आगमनकाळाचा पहिला रविवार 29 नोव्हेंबरला येईल. नाताळ रविवारी आला तर हा काळ पूर्ण 28 दिवसांचा असतो. सोमवारी आला तर 22 दिवसांतच संपतो. अनेक चर्चमध्ये उपासनेचे नवे वर्ष याच रविवारी सुरू होते. जगाचे कॅलेंडर 1 जानेवारीला उत्सवाने बदलते, चर्चचे कॅलेंडर वाट पाहण्याने बदलते.

उपासनेत काय बदलते?

पहिला बदल रंगाचा. वेदीवरचे वस्त्र आणि धर्मगुरूंचा झगा जांभळा होतो. हा आत्मपरीक्षणाचा आणि संयमाचा रंग. कॅथलिक चर्चमध्ये तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग वापरता येतो, कारण तो रविवार आनंदाचा मानतात. अर्धी वाट सरलेली असते.

दुसरा बदल गाण्याचा. कॅथलिक परंपरेत आगमनकाळातील रविवारच्या मिस्सामध्ये 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत गात नाहीत. बेथलेहेमच्या रानात देवदूतांनी केलेल्या स्तुतीपासून ते सुरू होते, म्हणून ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. चार आठवडे न गायिलेले गीत त्या रात्री घंटांच्या नादात पुन्हा ऐकू येते, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तिसरा बदल वाचनांचा. पहिल्या रविवारचा विषय असतो : जागे राहा. घरधनी परगावी गेला आहे, त्याने प्रत्येक चाकराला काम नेमून दिले आहे आणि द्वारपाळाला जागे राहण्यास सांगितले आहे. तो संध्याकाळी येईल की पहाटे, कोणालाच माहीत नाही, असा दृष्टांत मार्काच्या शुभवर्तमानात येशूने सांगितला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. येणाऱ्यासाठी वाट सरळ करा, असे तो रानातून सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात काही शिपाई त्याला विचारतात, "आम्ही काय करावे?" शिपाईगिरी सोडा, असे तो म्हणत नाही. कोणाला धाक घालून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. गणवेश घालणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा असे हे उत्तर आहे. चौथ्या रविवारी मरिया आणि योसेफ यांची कथा येते.

चक्र आणि मेणबत्त्या

चर्चमध्ये आणि घरोघरी हिरव्या डहाळ्यांचे एक चक्र ठेवतात. त्यावर चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा त्या लावत जातात. आशा, शांती, आनंद आणि प्रीती असे त्यांचे अर्थ सांगितले जातात. अनेक ठिकाणी मध्ये पाचवी, पांढरी मेणबत्ती असते. ती नाताळला पेटते.

या चक्राचा उगम वसतिगृहात राहणाऱ्या कॅडेट्सना जवळचा वाटेल. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विकर्न हे पाळक गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रमशाळा चालवत. नाताळ कधी येणार, असे मुले त्यांना रोज विचारत. 1839 साली विकर्न यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले. त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक मेणबत्ती लागे, मुलांना दिवस मोजता येत आणि उजेड वाढताना दिसे. सुट्टीचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खोडणाऱ्यांना यातले मर्म समजावून सांगायला नको.

घरातील प्रार्थना साधी असते. संध्याकाळी मेणबत्ती लावून पवित्र शास्त्रातील, बहुधा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील, एखादा उतारा वाचतात, एखादे गीत गातात, प्रभूची प्रार्थना म्हणतात. आजारी, दूर असलेल्या आणि सीमेवर असलेल्या आप्तांची नावे घेतात. कोणी उपवास करतात, कोणी वाचवलेले पैसे गरजूंना देतात. केरळमधील सिरियन ख्रिस्ती परंपरेत 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचा उपवास पाळतात. सर्व पंथांत हा काळ सारख्या रीतीने पाळला जात नाही. काही मंडळ्यांत डिसेंबर लागताच कॅरोल गीते सुरू होतात.

आपल्या परिसरातील धागे

रायपूर जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. रायपूरचे सेंट पॉल्स कॅथीड्रल याच चर्चचे. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एकत्र येण्यासाठी कित्येक वर्षे वाटाघाटी चालल्या होत्या. सुरुवातीसाठी याहून योग्य दिवस मिळाला नसता.

दुसरा धागा मराठी कवितेचा. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. त्यांनी टिळकांना बायबल वाचायला दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडावे लागले. मधल्या काळातील ताटातूट आणि तगमग त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिली आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिलेला विठ्ठल ज्यांच्या मनात आहे, त्या मराठी माणसांना भक्तीतील वाट पाहणे परके नाही.

कॅडेटने हे का जाणावे?

वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे आगमनकाळ शिकवतो. पहाऱ्यावरचा जवानही वाटच पाहत असतो, पण तो झोपत नाही आणि जागा सोडत नाही. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याची उपमा स्तोत्रसंहितेतही आहे.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे. भारतीय सेनेत सर्वधर्म स्थळ असते, वेगवेगळ्या धर्मांचे धर्मशिक्षक असतात आणि अधिकारी आपल्या जवानांच्या उपासनेत त्यांच्यासोबत बसतो. उद्या तुमच्या तुकडीत नागालँडचा, मिझोरमचा, केरळचा किंवा आपल्याच जशपूरचा ख्रिस्ती जवान असेल. डिसेंबरमध्ये त्याची रजा मंजूर करता येणार नाही, असे सांगण्याची वेळ तुमच्यावर येईल. तो काय गमावतो आहे, हे माहीत असलेला अधिकारी तेच वाक्य वेगळ्या रीतीने सांगतो, आणि चौकीवर एक मेणबत्ती लावायची व्यवस्थाही करतो.

तोवर सुरुवात वसतिगृहातून करता येईल. रविवारी चर्चला जाऊन आलेल्या मित्राला विचारा, "आज कितवी मेणबत्ती लागली?" त्याला ते नक्की आवडेल.