भिंगाखालची मोजणी

लालबाग-परळच्या चाळींतून ज्यांचे आजोबा गिरणीत कापड तपासायच्या कामावर होते, त्यांनी एक लहानसे घडीचे भिंग पाहिले असेल. ते कापडावर उभे करायचे, खालच्या चौकोनी खिडकीला डोळा लावायचा आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे मोजायचे. धागे कमी भरले की ताग्यात खोट धरली जाई. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या, आणि त्या भिंगाचे काम संपले. पण भिंगाखाली पाहायचे, मोजायचे आणि एका नगाशी दुसरा ताडून बघायचा, ही विद्या काही संपलेली नाही. आज इंजिनिअरिंगची मुले तीच विद्या संगणकाला शिकवतात. कशी, ते आज पाहू.

संगणकाला डोळे नाहीत, हे आधी ध्यानात घ्या. त्याच्यापुढे फोटो ठेवला तर त्याला दिसतात नुसते आकडे. फोटो म्हणजे बारीक चौकटींचे कापड समजा. साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोत प्रत्येक चौकटीला 0 ते 255 मधला एक आकडा असतो. 0 म्हणजे काळे, 255 म्हणजे पांढरे. ‘शंभराच्या खालच्या चौकटी वेगळ्या काढ,’ असे सांगितले की गडद ठिपके बाजूला निघतात, आणि मग ते मोजायचे. दोन ठिपके एकमेकांना चिकटले असले की यंत्र त्यांना एकच समजते. इथेच पहिली फजिती होते.

आता हिवतापाचे घ्या. गावात आरोग्यसेवक बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. पुढे प्रयोगशाळेत त्या पट्टीला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्त हजारपट मोठे करून जंतू शोधतात. जाड थेंबातले निदान शंभर भाग पाहिल्याखेरीज ‘जंतू नाही’ असे लिहायचे नाही, असा दंडक आहे. दिवसभर हे करणाऱ्याचे डोळे किती शिणत असतील, विचार करा. लालबागहून चालत जाता येईल इतक्या अंतरावर परळला हाफकिन संस्था आणि के.ई.एम. रुग्णालय आहे; अशा भिंगाच्या कामाला तिथे शंभर वर्षांची परंपरा आहे.

ह्या कामासाठी मुलांना चित्रे फुकट मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने रक्तपेशींची 27,558 चित्रे सर्वांना खुली केली आहेत. निम्मी जंतू असलेल्या पेशींची, निम्मी नसलेल्या. आणि गंमत बघा, मूळ फोटो आपल्या शेजारी बांगलादेशात, चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, सूक्ष्मदर्शकाला साधा मोबाइल जोडून काढलेले आहेत. 150 रोगी आणि 50 निरोगी माणसांच्या पट्ट्या.

मुले ही चित्रे यंत्राला दाखवतात, शिकवतात, परीक्षा घेतात आणि अहवालात लिहितात : शेकडा 95 बरोबर! गुरुजींनी इथे पाठ थोपटण्याआधी एक प्रश्न विचारावा. परीक्षेतल्या पेशी कोणाच्या होत्या? माणसे दोनशे आणि चित्रे साडेसत्तावीस हजार. तेव्हा एकाच माणसाच्या कितीतरी पेशी त्यात आल्या. त्यातल्या काही शिकवायला आणि काही परीक्षेला घेतल्या, तर वर्गात सोडवून दिलेलेच गणित पेपरात घातल्यासारखे झाले. यंत्राने त्या पट्टीचा रंग ओळखला असेल, जंतू नव्हे. म्हणून परीक्षेला माणसेच वेगळी हवीत.

आता दुसरे उदाहरण, चिपचे. मोबाइलमधली चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर घडते. एकेका चकतीवर शेकडो. प्रत्येक चिप तपासून चांगली कुठे, वाईट कुठे, ह्याचा नकाशा काढतात. वाईट चिपांची नक्षी फार बोलकी असते. कडेने कडे, मधोमध पुंजका, नाहीतर आडवातिडवा ओरखडा. आपल्या साचेवाल्याला विचारा : ताग्याच्या लांबीभर उभी रेघ गेली तर तो आधी फणी बघे. तसेच हे, नक्षीवरून कोणते यंत्र बिघडले ते कळते.

असे 8,11,457 नकाशे अभ्यासासाठी खुले आहेत. त्यांपैकी 1,72,950 नकाशांवर तज्ज्ञांनी दोषाचे नाव लिहिले आहे, आणि त्यातही 1,47,431 वर शेरा आहे ‘नक्षी नाही’. म्हणजे ज्या यंत्राला काहीच येत नाही आणि जे डोळे मिटून ‘दोष नाही, दोष नाही’ म्हणत सुटते, तेही शेकडा 85 गुण मिळवून जाते!

मला नुसत्या टक्क्यांची भीती वाटते ती ह्याचसाठी. चिपच्या कारखान्यात दोष सुटला तर माल फुकट जाईल. हिवतापाचा जंतू सुटला तर माणूस ‘काही नाही’ असा कागद घेऊन घरी जाईल, आणि फाल्सिपेरम जातीचा ताप थोड्या दिवसांत जीव घेऊ शकतो. उगाच संशय आला तर पट्टी पुन्हा बघता येते. तेव्हा सुटले किती आणि उगाच धरले किती, हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. एका टक्क्यात ते लपून जातात.

शिक्षकांनी हे शाळेत करून पाहण्यासारखे आहे. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर घ्या, आयोडीनचा थेंब टाका. प्रत्येक पेशीत एकेक केंद्रक गडद दिसू लागेल. सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंगावर मोबाइल धरून फोटो काढा. आधी मुलांनी बोटाने मोजून वहीत आकडा लिहावा. मग ‘इमेजजे’ नावाची संगणकाची मोफत प्रणाली आहे, तिच्याकडून मोजून घ्यावे. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, ह्यावर एक तास सहज जाईल.

एवढे करा, की दोन-तीन मुलांच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी वेगळ्या डब्यात ठेवा. गडद किती धरायचे ते बाकीच्यांच्या फोटोंवर ठरवा, आणि ते पक्के होईपर्यंत डब्याची किल्ली गुरुजींच्या खिशात असू द्या.