दादा, ह्या बातम्या बंद करा

सकाळी 9.30

शटर वर, झाडलोट, उदबत्ती. सांगोल्यात एसटी स्टँडच्या आसपास मोबाईलच्या दुकानांना तोटा नाही. माझ्याही पाटीवर सगळ्यांसारखंच लिहिलंय: रिचार्ज, स्क्रीनगार्ड, डिस्प्ले, चार्जिंग पिन. पाटीवर नसलेलं एक काम मात्र हल्ली रोज येतं. "दादा, ह्या बातम्या बंद करा."

10.15

महूदकडचे एक काका. फोन काउंटरवर आपटतच म्हणाले, "आवो, ह्या क्रोमनं पार पिच्छा पुरवलाय. रात्री दोनला टुंग करतंय."

टुंग म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. क्रोममध्ये नवा टॅब उघडला की खाली लेखांची रांग दिसते, ती डिस्कव्हर. ती वाजत नाही. वाजतात त्या कुठल्या तरी साइटच्या नोटिफिकेशन. सिनेमा किंवा निकाल बघताना पुढ्यात 'अलाऊ' येतं आणि माणूस रस्ता मोकळा करायला ते दाबून टाकतो. तिसरा प्रकार लॉक स्क्रीनवरच्या चित्रांचा. तो फोनच्या सेटिंगमधला, त्याचा ब्राउझरशी संबंध नाही. गिऱ्हाईकाच्या लेखी तिन्ही एकच: 'गूगलच्या बातम्या'. त्यामुळे आधी विचारायचं, वाजतंय का दिसतंय, आणि दिसतंय तर कुठे.

काकांच्या साइट सेटिंगमध्ये परवानगी दिलेल्यांची ही लांब यादी निघाली. एकेक बंद केली. डिस्कव्हरला हात लावला नाही, कारण त्यात त्यांना काहीच खुपत नव्हतं.

12.00

डाळिंबवाल्या पोराचं प्रकरण वेगळं. पावसाळ्यात बागेवर तेल्या आला, तेव्हा त्यानं आठवडाभर रात्रंदिवस तेच शोधलं. आता टॅब उघडावा तर तेल्याचे काळे डाग, रामबाण फवारणी, 'हा एक उपाय करा'. बाग सावरली, पण फोन अजून तिथंच अडकलेला.

यंत्राचा हिशेब सरळ आहे. काय शोधलं, काय उघडलं, यावरून पुढचं वाढायचं. तुम्ही कौतुकानं उघडलं की घाबरून, हे त्याला नेमकं कळत नाही. उघडलं, एवढं कळतं.

त्याला म्हटलं, सगळंच बंद करू नकोस, बाजारभाव यातच वाचतोस ना? लेखाच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबली की दोन वाटा मिळतात: हा विषय नको, किंवा ह्या साइटचं काहीच नको. विषय नको म्हटलं तर उद्या खरोखर कामाचं आलेलंही मागे पडेल. रामबाण विकणाऱ्या साइट तेवढ्या कापाव्यात. त्यानं माझ्यासमोर कापल्या. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची साइट होम स्क्रीनवर टाकून दिली. रोगाची माहिती लागली तर स्वतः तिथं जायचं, समोर येईल त्याची वाट बघत बसायचं नाही.

2.00

डबा. मग एक चार्जिंग पिन, दोन स्क्रीनगार्ड. पैसे यातच आहेत. सेटिंगचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

3.30

दुपारी गर्दी नसते. अशा वेळी जे लोक येतात, त्यांना गर्दी नकोच असते. एक ताई बराच वेळ कव्हर चाळत उभ्या राहिल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, दवाखान्याचं काहीतरी एकदा शोधलं होतं, आता पोरं गेम खेळायला फोन घेतात तरी तेच वर दिसतं. फोन घरात एकच, खातंही एकच.

काय शोधलं होतं ते मी विचारलं नाही. फोन त्यांच्याच हातात ठेवला आणि काउंटरच्या अलीकडून सांगत गेलो. हिस्ट्री त्यांनी आधीच पुसली होती. बहुतेक जण तेवढंच करतात. पण ती झाली ब्राउझरची नोंद. गूगल खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाची दुसरी नोंद असते, ती तशीच राहते. डिस्कव्हर बंद केलं तर रांग दिसायची थांबते, पण ही नोंद चालूच राहते. म्हणून खात्यात जाऊन तो शोधच पुसायचा. त्याच पानावर आपोआप पुसायची सोयही आहे: 3, 18 किंवा 36 महिने. त्यांनी 3 निवडलं. पुढच्या वेळी असलं काही शोधायचं झालं तर आधी इन्कॉग्निटो टॅब, आणि तिथं खात्यात शिरायचं नाही.

"किती झाले?"

"काही नाही, ताई."

त्यांनी तरी एक कव्हर घेतलंच.

6.00 ते 8.00

कॉलेज सुटलेली पोरं, रिचार्ज, हेडफोन, गलका. 'माझ्या फोनमध्ये असलं काही येतच नाही' म्हणणाऱ्याच्या फोनमध्ये काय येतं, ते त्याच्या मित्रांनी दुकानभर वाचून दाखवलं. 29 जून 2020 ला 59 चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हा ही पोरं शाळेत होती. बंदीच्या यादीत यूसी ब्राउझर आणि यूसी न्यूज, दोन्ही होते. त्या दिवसांत दुकानात क्रोम चालू करून घ्यायलाच माणसं यायची. ॲप गेलं. ब्राउझर उघडला की आयत्या बातम्या वाचायची सवय राहिली.

8.40

शटर ओढायच्या बेतात असताना निवृत्त गुरुजी आले. त्यांच्याच सांगण्यावरून डिस्कव्हर बंद करून दिलं होतं.

"चालू कर बाबा. नुसतं पांढरं पान दिसतं."

"गुरुजी, तुम्हीच म्हणालात, कटकट आहे."

"कटकट नट्यांची रे. कुस्तीचं कुठाय?"

चालू करणं दोन बोटांचं काम. पुढचं त्यांच्याकडूनच करून घेतलं. तीन टिंबं, नको. तीन टिंबं, नको. एका लेखावर ते थांबले, पूर्ण वाचला आणि मग नको म्हणाले. मी म्हटलं, उघडून वाचलंत ना, त्याला वाटणार तुम्हाला आवडलं.

"न वाचता कसं ठरवायचं वाईट आहे म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फरक लगेच दिसणार नाही, थोडे दिवस असंच करत राहा, एवढं सांगितलं.

"म्हणजे उद्या परत येऊ?"

"या की. सकाळी साडेनऊनंतर या, आणि चष्मा आणा."