सायकलवरून उतरल्यावरचा व्यायाम

शेंदूरजनाघाटसारख्या गावात साठी ओलांडलेले सायकलवाले दोन प्रकारचे. पहिले, ज्यांनी सायकल कधी सोडलीच नाही. दांडीची जुनी सायकल, कॅरिअरला दुधाची कॅन नाहीतर चाऱ्याचा भारा, आणि संत्र्याच्या बगीच्यापर्यंतचा कच्चा रस्ता. दुसरे, डॉक्टरांनी साखर किंवा बीपी सांगितल्यावर गिअरची सायकल घेऊन पहाटे वरूडच्या रस्त्याला लागलेले निवृत्त मास्तर, दुकानदार, बागाईतदार. दोघांचा प्रश्न मात्र एकच : रोज सायकल चालवतो, मंग आणखी व्यायाम काहून पाह्यजे?

हृदय आणि फुफ्फुसांपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाचे १२५ हौशी सायकलपटू तपासले. पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर जमलं पाहिजे, ही अट होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचे स्नायू आणि प्रतिकारशक्ती वयाच्या मानाने कितीतरी तरुण निघाली. फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी तर वयाच्या १०५ व्या वर्षी, २०१७ मध्ये, तासाभरात २२.५४७ किलोमीटर अंतर कापलं. आपल्याकडे पुण्याच्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका निरुपमा भावे सत्तरीत कन्याकुमारीपर्यंत सायकलने गेल्या. वयाचं निमित्त सांगायला जागाच उरत नाही.

हाडांचं गणित मात्र निराळं आहे. हाड टिकतं ते त्याच्यावर भार पडतो म्हणून. पाय जमिनीवर आपटला, पाठीने ओझं पेललं, स्नायूने हाडाला ओढ दिली की शरीर तिथे भर घालतं. सायकलवर आपलं वजन सीट पेलते आणि पाय नुसते गोल फिरतात, त्यामुळे कंबर आणि कणा यांना कामच राहत नाही. अमेरिकेत सॅन दिएगो येथे २००३ साली चाळीस ते साठ वयाच्या मुरलेल्या सायकलपटूंची हाडं मोजली गेली. वीस-वीस वर्षं सायकल मारणाऱ्या या पुरुषांच्या हाडांची घनता, खेळाडू नसलेल्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा कमी भरली. सात वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तेव्हा जे जोडीला वजनं उचलत होते किंवा पाय आपटणारा व्यायाम करत होते, त्यांची झीज कमी झाली होती. 

विहिरीत पोहून वाढलेली पिढी इथे म्हणेल, मग पोहतो. पोहणं उत्तमच, पण पाण्यातही शरीराचा भार दुसरंच कोणीतरी उचलतं. सायकलला पोहण्याची जोड दिली, तर दम आणखी वाढेल. हाडं होती तिथेच.

दुसरी गोष्ट तोलाची. सायकल चालवताना माणूस फारसा पडत नाही, पडतो तो चढताना-उतरताना. दांडीच्या सायकलवर डावा पाय पायडलवर, दोन उड्या, मग उजवी टांग मागून पलीकडे. या क्षणभरात सगळा देह एका पायावर असतो. ब्राझीलच्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाचातल्या एकाला ते जमलं नाही, आणि पुढच्या सातेक वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. एक पाय डळमळला म्हणून माणूस मरत नाही, हे उघड आहे. पण तोल गेला की बाकीचंही बरंच गेलेलं असतं.

इथला शेतकरी म्हणेल, आम्ही दिवसभर बगीच्यातच असतो. खरं आहे, आणि पूर्वी ते पुरतही होतं. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमं बांधायची तर तासन्‌तास उकिडवं बसावं लागतं. फळांनी लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्यायचे, तोडणीच्या वेळी कॅरेट उचलायची, जेवायला जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. यातलं बरंचसं आता मजुरांकडे गेलं आहे, आणि उरलेलं प्लास्टिकच्या खुर्चीने खाल्लं. या खुर्चीने गावाचं जेवढं नुकसान केलं तेवढं चहाच्या टपरीनेही केलं नसेल, असं माझं मत आहे. शिवाय शेतकाम एकाच अंगाचं असतं. कंबरेतून वाकून निंदणाऱ्या बाईची पाठ झिजते, मजबूत होत नाही. व्यायामात भार हळूहळू, हिशेबाने वाढवतात. कामात तो मालकाच्या गरजेनुसार वाढतो.

या जोडव्यायामासाठी जिममध्येच गेलं पाहिजे असं नाही. अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारलं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ आणि व्यायाम दाखवून आलं. जोर, बैठका, मुद्गल, लेझीम हे सारं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. लेझीम मला यात सगळ्यांत सरस वाटते. पाऊल आपटतं, अंग आडवं हलतं, बसावं-उठावं लागतं, आणि ताल चुकू नये म्हणून डोकंही जागं राहतं. सायकलवर यातलं एकही होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा पासष्टीनंतरचा सल्ला असा : आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोलाचा, चालणं-सायकल यांखेरीज. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने करावी. भिंतीला हात लावून जोर काढावेत, टाचा उचलाव्यात, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या धरून चालावं. दहा-बारा वेळांतले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपे वाटू लागले की वजन वाढवायचं. गुडघे कुरकुरत असतील तर पूर्ण बैठका सोडून अर्ध्याच माराव्यात. जोर लावताना श्वास कोंडू नये, रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कणा वाकवून वजन उचलू नये.

उशीर झाला म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. बॉस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी ते पूर्ण केलं, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

गावातल्या शाळांच्या कपाटांत लेझमी पडून असतात, त्या स्वातंत्र्यदिनाला नाहीतर गणपतीला बाहेर निघतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्या आणि शाळेचं मैदान साठीपुढच्या बाया-माणसांना मिळावं, एवढी मुख्याध्यापकांना विनंती.