मातीचा माणूस आणि त्याचा कर्ता

हिब्रू भाषेत ‘गोलेम’ म्हणजे आकार न आलेला गोळा. पुढे ज्यू लोककथांत मातीचा घडवून मंत्राक्षरांनी सजीव केलेल्या माणसाला हे नाव मिळाले. या कथा केवळ चमत्काराच्या मानल्या जातात. आम्हाला त्यांचा विषय निराळा वाटतो. घडवणाऱ्याची जबाबदारी, हा तो विषय होय.

‘तालमूद’ या धर्मग्रंथातील एक जुनी कथा घेऊ. रावा नावाच्या पंडिताने एक माणूस निर्माण करून झेरा या दुसऱ्या पंडिताकडे पाठवला. झेरा त्याच्याशी बोलला. पण उत्तर आले नाही. तेव्हा ही मानवनिर्मित वस्तू आहे हे ओळखून झेराने त्याला पुन्हा माती होण्याची आज्ञा केली. म्हणजे वाचा ही माणसाची खूण ठरली.

दुसरी कथा सोळाव्या शतकातील, पोलंडमधील खेल्म गावच्या एलिया या धर्मगुरूची. त्याच्या गोलेमच्या कपाळी ‘एमेत’ म्हणजे ‘सत्य’ हा शब्द होता. त्यातले पहिले अक्षर पुसले की ‘मेत’ म्हणजे ‘मृत’ एवढेच उरते. गोलेम घरची कामे करी, पण दिवसेंदिवस वाढत चालला. अखेर धर्मगुरूचा हात कपाळापर्यंत पोहोचेना. त्याने जोडे काढण्याच्या निमित्ताने त्याला वाकवले आणि अक्षर पुसले. एका पाठानुसार मातीचा तो ढिगारा कोसळून धर्मगुरूच त्याखाली चिरडला गेला. येथे दोष गोलेमचा नव्हे. आवर घालण्यास उशीर करणाऱ्याचा आहे.

याच एलियाच्या वंशातील त्स्वी आश्केनाझी (१६५६–१७१८) या धर्मशास्त्रज्ञाने एक प्रश्न चर्चेला घेतला. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्यांत गोलेम धरावा काय? त्याने नकार दिला. गोलेमचा असा काही उपयोग असता, तर झेराने त्याला नष्ट केले नसते, हा त्याचा एक युक्तिवाद होता.

प्रागचा गोलेम आज सर्वांत प्रसिद्ध आहे. परंतु तेथील धर्मगुरू यहूदा लोव (मृत्यू १६०९) यांच्या नावाशी ही कथा छापील पुस्तकांत जोडली गेली ती एकोणिसाव्या शतकात. १९०९ साली युदल रोझेनबर्ग यांच्या पुस्तकात हा गोलेम, नरबळीचे खोटे आरोप सोसणाऱ्या ज्यू वस्तीचा रक्षक झाला. असहाय समाजाला मातीतून रक्षक उभा करावासा वाटला, यात नवल ते काय?

१९६५ साली इस्रायलमधील रेहोवोत येथील एका संगणकाला गेर्शोम शोलेम या विद्वानाने ‘गोलेम’ हेच नाव सुचवले. आज तर यंत्रे विचारल्या प्रश्नांची उत्तरेही देतात. झेराची कसोटी आता पुरेशी राहिलेली नाही. खेल्मच्या कथेची शिकवण मात्र तशीच उभी आहे: ज्याच्या कपाळापर्यंत आपला हात पोहोचणार नाही, इतके मोठे काही होऊ देण्यापूर्वी कर्त्याने थांबून विचार करावा.